नको ते न ऐकणारा अँटेना

शहरातल्या घरात मध्यम लहरींचा रेडिओ लावला, की पहिल्यांदा काय ऐकू येतं? निवेदकाचा आवाज नाही आणि सनईही नाही. ऐकू येते ती खरखर. काटा पुढे सरकवला तर गुरगुर, आणखी पुढे सरकवला तर एकसुरी शिट्टी. मग माणूस दोन निष्कर्षांपैकी एक काढतो. एक तर सेट बिघडला, नाही तर केंद्र बंद पडलं. तिसरी शक्यता बहुतेकांच्या मनातच येत नाही. केंद्र चालू आहे, सेटही धडधाकट आहे आणि लहर तुमच्या घरापर्यंत येऊन पोचली आहे. फक्त तुमच्याच घरातला आणि गल्लीतला विजेचा गोंगाट तिच्या छातीवर बसला आहे. आज बोलायचं आहे ते या तिसऱ्या शक्यतेविषयी. आणि अशा गोंगाटात अँटेना, ज्याला आमची जुनी माणसं एरियल म्हणत, तो कोणता निवडावा याविषयी.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. पण कवीला कानाचं वेड असतंच. मुशायऱ्यात मागच्या रांगेत लोक गप्पा मारत असले तरी पुढच्या शायराचा मिसरा नेमका उचलायचा, ही आमची सवय. रेडिओचा प्रश्नही थेट तसाच आहे, हे मला हळूहळू कळत गेलं.

बीडच्या लोकांना एक गोष्ट आठवत असेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी भारनियमनानं आपल्याला जेरीस आणलं होतं. तासन्‌तास वीज नसायची. पण त्या काळोखात सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला, की दूरचं केंद्रसुद्धा कसं लख्ख ऐकू यायचं! वीज आली रे आली, की पोरं ओरडायची आणि त्याच क्षणी रेडिओत खरखर सुरू व्हायची. म्हणजे निसर्गानं त्या वेळी आपल्यासमोर एक प्रयोगच करून दाखवला होता. गोंगाट आकाशातून येत नव्हता. तो तारेतून येत होता.

पूर्वीही घरात वीज होती, मग तेव्हा इतकी खरखर का नव्हती? कारण तेव्हाचा पिवळा बल्ब म्हणजे नुसती तापलेली तार. त्याला रेडिओशी काही देणंघेणं नव्हतं. ट्यूबलाइट थोडी कुरकुरायची, मिक्सर लावला की गर्जना व्हायची, पण मिक्सर बंद झाला की शांतता. आजचा एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर, छतावरच्या सौर पॅनेलचं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक छोटा खटका असतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. असं केल्यानं वीज वाचते आणि यंत्र लहान होतं, हे खरं. पण प्रत्येक तोडजोडीबरोबर रेडिओच्या लहरी उठतात, आणि त्या मूळ वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा प्रत्येक पटीत उठतात. समजा, एखादा चार्जर सेकंदाला ६६ हजार वेळा चालू-बंद होतो. त्याची बारावी पट किती? ७ लाख ९२ हजार, म्हणजे ७९२ किलोहर्ट्‌झ. हा तर थेट पुणे केंद्राचा आकडा! पुण्याचं गाणं आणि तुमचा चार्जर एकाच खुर्चीवर बसायला निघाले, तर रेडिओ बिचारा काय करील?

चांगल्या बनावटीच्या यंत्रात हा गोंगाट आतच अडवणारे भाग घातलेले असतात. स्वस्तात विकायचं म्हटलं की पहिल्यांदा तेच गाळले जातात. मग हा गोंगाट यंत्रातून घराच्या वायरिंगमध्ये उतरतो आणि भिंतीभिंतीतून फिरणारी ती तार म्हणजे त्याचा प्रक्षेपक होऊन बसते.

अशा वेळी सर्वसाधारण माणूस काय करतो? मोठा अँटेना लावतो. गच्चीवरून लांब तार ओढतो. माझ्या लहानपणी घराघरांत व्हॉल्व्हचे रेडिओ होते, पोस्टात त्यांच्या परवान्याचे पैसे भरावे लागत, आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून टांगलेली असे. त्या काळात ते बरोबरच होतं. हवा स्वच्छ होती, जितकं जास्त पकडावं तितकं चांगलं. आज मात्र गणित उलटं झालं आहे. मोंढ्यात लिलाव चालू आहे, शंभर माणसं ओरडत आहेत आणि तुम्हाला एकाचाच भाव ऐकायचा आहे. तिथं तुमचे कान दुप्पट मोठे केले तर काय होईल? सगळेच दुप्पट मोठ्यानं ऐकू येतील. तुमच्या माणसाचा आवाज वाढेल, पण गलकाही तेवढाच वाढेल. तिथं उपयोगी पडतो तो एका कानावर धरलेला हात.

मध्यम लहरींच्या बाबतीत तर लांबीचा हट्ट आणखीच व्यर्थ आहे. ७९२ किलोहर्ट्‌झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब असते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी तार लावायची तर ९५ मीटर जागा हवी. आमच्या बशीरगंज-राजुरी वेशीच्या दाटीत ती कुठून आणणार? आणि गरजही नाही. या लहरींवर बाहेरून येणारा गोंगाट हा सेटच्या स्वतःच्या आतल्या कुजबुजीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे अँटेना लहान असला तरी चालतो. तो लहर कमी पकडतो, पण गोंगाटही त्याच प्रमाणात कमी पकडतो. सेटचा आवाज थोडा वाढवला की झालं. महत्त्वाचं काय, तर आपली लहर आणि गोंगाट यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. ते प्रमाण सुधारतो तो चांगला अँटेना, मग तो वीतभर का असेना.

या विषयाच्या मागे मी का लागलो, तेही सांगतो. माझी अम्मी नव्वदीकडे झुकलेली. नजर जवळपास गेलेली. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिला बोटानं काही सापडत नाही. रेडिओचं गोल बटण मात्र तिच्या बोटांना बरोबर कळतं. परभणी केंद्र हा तिचा वर्षानुवर्षांचा सोबती. बाजारभाव, गाणी, शेतीची माहिती, सगळं ऐकायची. शेत आता राहिलेलं नाही तरी पावसाचा अंदाज ऐकायचीच. एक दिवस तिनं रेडिओ उशाखालून काढून फडताळात ठेवून दिला. विचारलं तर म्हणाली, "बेटा, परभणीवाले थक गए शायद." थकलं कुणी नव्हतं. १३०५ किलोहर्ट्‌झवर खरखरीखाली आवाज दबलेला होता. ज्या माणसाला दिसत नाही, त्याच्या घरातला आवाजही गेला तर उरतं काय? म्हणून हा प्रश्न मला फावल्या वेळचा छंद वाटला नाही.

खरखरीच्या मागे लागणं ही गोष्ट तशी मोठ्या परंपरेतली आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमाराला समुद्रापारच्या रेडिओ टेलिफोनमध्ये खरखर यायची. ती कुठून येते हे शोधायचं काम बेल प्रयोगशाळेनं कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्यावर सोपवलं. त्यानं काय केलं? जवळजवळ तीस मीटर लांबीचा अँटेना मोटारगाडीच्या चाकांवर बसवला आणि तो गोल फिरवत राहिला. जवळच्या वादळाची खरखर वेगळी केली, दूरच्या वादळांची वेगळी केली आणि उरली एक हलकी, सततची सळसळ. ती आकाशगंगेतून येत होती! १९३३ मध्ये त्यानं हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं. त्याच शास्त्रासाठी डॉ. गोविंद स्वरूप यांनी आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभारली. ती जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींत एक महत्त्वाची गोष्ट होती, माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट तिथं कमी होता. म्हणजे इतके मोठे शास्त्रज्ञसुद्धा आधी गोंगाट पाहतात, मग अँटेना उभारतात. आपणही तोच क्रम ठेवू या.

पहिली पायरी, केंद्र चालू आहे याची खात्री. आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद केले आहेत. बंद केंद्र कुठल्याही अँटेनानं लागणार नाही. म्हणून सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या आणि गावाबाहेर जा. आमच्याकडे खजाना बावडीच्या बाजूला मोकळं रान आहे. विजेच्या तारांपासून शे-दोनशे पावलं दूर उभं राहून केंद्र लावा. तिथं ऐकू आलं आणि घरी येत नसेल, तर दोष घरातल्या गोंगाटाचा. तिथंही नाही आलं, तर अँटेनावर पैसे घालवू नका.

दुसरी पायरी, घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. ट्रान्झिस्टर सेलवरच लावा. खरखर गेली? मग चोर घरातलाच आहे. आता एकेक वस्तू चालू करत जा आणि ऐकत राहा. आमच्या घरात स्वयंपाकघरातला एक दिवा आणि एक चार्जर असे दोन गुन्हेगार सापडले. दिवा बदलला. चार्जर गरज नसताना प्लगमधून काढून ठेवायचं ठरलं. चार्जर बदलता येत नसेल तर त्याची तार फेराइटच्या गोल कड्यातून ओवावी. जुन्या कॉम्प्युटरच्या केबलला टोकाशी जो फुगीर गोळा असतो, त्याच्या आत हेच फेराइट असतं. मात्र मध्यम लहरींसाठी तार एकदा ओवून भागत नाही, मोठं कडं घेऊन सात-आठ वेढे द्यावे लागतात.

तिसरी पायरी, उरलेल्या गोंगाटाची दिशा शोधणं. आणि हे करायला लागणारं यंत्र तुमच्या हातातच आहे. ट्रान्झिस्टरच्या आत आडवी बसवलेली एक काळी कांडी असते, फेराइट रॉड. मध्यम लहरींसाठी खरा अँटेना तोच. वर ओढायची चकचकीत दांडी ही एफएमसाठी आणि लघुलहरींसाठी असते. मध्यम लहरींवर ती कितीही ओढली तरी सहसा काही फरक पडत नाही. या कांडीचा एक स्वभाव आहे. ती आपल्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या लहरी ऐकते, पण आपल्या टोकांच्या दिशेनं येणाऱ्या लहरींना बहिरी असते. गंमत अशी, की तिचं ऐकणं ऐसपैस आहे आणि बहिरेपण अगदी नेमकं. उत्तम दिशेपासून सेट ४५ अंश फिरवला तरी केंद्राची लहर ७० टक्के मिळत राहते. ६० अंश फिरवला तरी निम्मी मिळते. पण बहिरी दिशा काही अंशांचीच असते, तिथं आवाज एकदम पडतो. म्हणून नियम असा, की सेट फिरवताना केंद्र कुठं मोठं लागतं ते पाहू नका, गोंगाट कुठं बुडतो ते पाहा. केंद्र आपलं आपण वर येतं.

आता बीडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. परभणी आपल्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. पुणे बरोबर उलट बाजूला, पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, २०० किलोमीटरवर. मुंबई पश्चिमेला ३०० किलोमीटरवर. परभणी, बीड आणि पुणे जवळजवळ एका सुतात आहेत! याचा अर्थ, बीडमध्ये ट्रान्झिस्टरची लांबी दक्षिणोत्तर ठेवली, म्हणजे त्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं, की तिन्ही केंद्रं कांडीच्या ऐकत्या बाजूला येतात. छत्रपती संभाजीनगर मात्र उत्तरेला आहे, त्यासाठी सेट काटकोनात फिरवावा लागेल. अम्मीच्या खोलीतलं फडताळ असं होतं, की त्यावर सेट पूर्व-पश्चिम लांबीतच मावायचा. म्हणजे परभणी नेमकी बहिऱ्या टोकाला, आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरसमोर कान सताड उघडा. सेट खिडकीजवळच्या स्टुलावर दक्षिणोत्तर ठेवला आणि त्याच टोकानं इन्व्हर्टर बुडाला.

शेजाऱ्यांच्या फाटकावरचा दिवा मात्र पूर्वेच्या अंगाला होता. तो परभणीच्याच दिशेत येत होता, सेट फिरवून त्याचं काही होईना. शेवटी शेजारच्या काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "काय भाई, तुमच्या रेडिओपायी मी अंधारात बसू का?" मी म्हटलं, "काका, अंधार नको, दिवा मी आणून देतो." दुसरा चांगला दिवा आणला, त्यांनीच तो लावला. जे काम अँटेनाच्या हातचं नसतं, ते कधी कधी शेजारधर्म करतो.

एवढं करूनही केंद्र अशक्त असेल, तर चौथी पायरी, चौकटीचा अँटेना म्हणजे लूप. हा घरी करता येतो. लाकडी फुली करून दोन फूट बाजूचा चौकोन बनवा. त्यावर प्लास्टिकचं आवरण असलेल्या साध्या तांब्याच्या तारेचे बारा-तेरा वेढे द्या, दोन वेढ्यांत अर्धा सेंटीमीटर अंतर ठेवा. ३० ते ३२ मीटर तार लागेल. तारेची दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला जोडा. कुठलाही जुना रेडिओ मेकॅनिक तो भंगारातून काढून देईल. याला वीज लागत नाही, आणि सेटला तारही जोडायची नाही. चौकट उभी ठेवा आणि तिच्या मध्याजवळ ट्रान्झिस्टर असा ठेवा, की त्याची कांडी चौकटीतून आरपार जाणाऱ्या काठीच्या दिशेत येईल. मग गँग सावकाश फिरवा. एका जागी केंद्र एकदम उसळून वर येईल. चौकटीचा स्वभाव कांडीसारखाच. कडेच्या दिशेनं ऐकते, तोंडासमोरचं ऐकत नाही. म्हणून चौकट आणि सेट बरोबर फिरवून गोंगाट बुडवायचा. शिवाय वायरिंगजवळ गोंगाटाचा पुष्कळसा भाग विजेच्या दाबातून पसरतो. त्याचा परिणाम उघड्या तारेवर लगेच होतो, लूपवर फारच कमी. खिडकीजवळ किंवा गच्चीवर, भिंतीतल्या वायरिंगपासून जितकं दूर ठेवाल तितकं उत्तम.

लूप म्हणजे जादू नव्हे. गोंगाट चारही बाजूंनी येत असेल तर एकच बहिरी दिशा पुरणार नाही. आणि लांब तार सर्वत्र वाईट, असंही नाही. शिरूर, पाटोदा, आष्टीकडच्या वस्तीवर, विजेच्या खांबापासून दूर, मोकळ्या शेतात ती आजही चांगलं काम करते. तिथं त्रास होतो तो रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा. सेकंदाला एकदा टक्‌, टक्‌ ऐकू आलं तर समजा, कुंपणाची तार बोलते आहे. पण तार ओढायचीच असेल तर दोन गोष्टी जिवापेक्षा जपा. विजेच्या तारेच्या वरून, खालून किंवा जवळून ती कधीही नेऊ नका. तुटून पडली तर माणूस जातो. आणि मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी व परतीच्या पावसात वीज कशी कोसळते ते आपल्याला ठाऊक आहे. ढग दिसण्याआधीच तार सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नका.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बीडचं एफएम आहे, मोबाइलवर आकाशवाणी आहे. बरोबर आहे. ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी तेच ऐकावं. एफएमची रचनाच अशी, की ही खरखर तिला फारशी बाधत नाही. पण एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, बालाघाटाचा डोंगर आडवा आला की अडखळते. मध्यम लहर जमिनीला धरून डोंगरापलीकडे उतरते. मोबाइलला टॉवर लागतो आणि टॉवरला वीज. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातही घरं हलली. माणसं रस्त्यावर आली आणि कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाली. दोन सेल आणि एक काळी कांडी, एवढ्यावर ती बातमी आपल्यापर्यंत पोचत होती. पुन्हा तशी वेळ न येवो. पण आली, तर घरातला रेडिओ ऐकू येणारा असावा.

तेव्हा मंडळी, बाजारात अँटेना पाहायला जाण्याआधी एक संध्याकाळ घरातच काढा. मेन स्विच बंद करा, सेट हातात घ्या आणि सावकाश फिरवा. कुठं खरखर बुडते ते कानानं टिपून ठेवा. अम्मी आता दुपारी पुन्हा परभणी लावते. अधूनमधून थोडी खरखर येते, पण तिला ती चालते. "बोलनेवाला समझ में आना चाहिए, बस," असं ती म्हणते. अँटेना निवडण्याची यापेक्षा चांगली कसोटी मला तरी माहीत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)